थेरपी डॉग बनवायचाय? आधी स्टीलचं ताट पाडा

हे बघा, हे आपलं साधं जेवायचं ताट. (ताट फरशीवर पाडतो) आणि ही आमची चिकू. कान टवकारले, एकदा वळून बघितलं, परत पसरली. एवढ्यासाठी चार महिने गेलेत बरं का!

थेरपी डॉग म्हणजे हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात लोकांना धीर द्यायला जाणारा कुत्रा. शेकहँड वगैरे ठीक आहे, पण वॉर्डात ट्रॉली खडखडते, काठी पडते, कोणी अचानक ओरडतं, तिथे कुत्रा दचकला नाही पाहिजे, किंवा दचकला तरी लगेच सावरला पाहिजे. आम्ही आधी आतल्या खोलीत चमचा पाडायचो आणि इकडे लगेच तिला चिकनचा तुकडा, मग हळूहळू जवळ, मग वाटी, मग ताट. घाई केलीत तर उलट भीतीच बसते.

आणि सर्व्हिस डॉग वेगळा हं, तो एकाच माणसासाठी काम करतो. थेरपी डॉग आपला घरचाच, आपल्यासोबत जाऊन लोकांना भेटणारा. लॅब्राडोरच पाहिजे असंही नाही, १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना सापडलेली स्मोकी यॉर्कशायर टेरियर होती, दोन किलोसुद्धा नाही, आणि ती जखमी सैनिकांच्या वॉर्डात फिरायची. आमची चिकू तर रस्त्यावरची इंडी, म्हणजे देशी. अनोळखी माणूस दिसला की शेपूट हलते का, एवढं बघा. हलत नसेल तर सोडून द्या, लाडका म्हणून घरी राहू दे, जबरदस्ती नको.

'सोड' ही कमांड मात्र पक्की हवी. पलंगाखाली कोणाची बीपीची गोळी पडलेली असते. आम्ही पारले-जीवर प्रॅक्टिस केली, पहिले पंधरा दिवस बिस्किटंच संपली.

अमेरिकन केनेल क्लबची कुत्र्याचं वागणं तपासणारी 'कॅनाइन गुड सिटिझन' टेस्ट आहे, त्यात मालक तीन मिनिटं नजरेआड जातो आणि कुत्रा दुसऱ्याजवळ शांत थांबतो. हे घरी शेजारच्या काकूंना घेऊन करता येतं.

लसी, जंताचं औषध हे तर हवंच, आणि नखं घासून गुळगुळीत करा, म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, पटकन ओरखडा उठतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा एका वृद्धाश्रमात गेलो, चिकू जांभया देत होती, ओठ चाटत होती, तोंड फिरवत होती, मला वाटलं झोप आली असेल. दीड तास बसलो. शेवटी एक आजीच म्हणाल्या, "अरे, कंटाळलीय ती, घरी ने तिला." आता मोबाईलला चाळीस मिनिटांचा अलार्म लावतो, आणि त्याआधी जांभई आली तर त्याआधीच उठतो.

चिकू, चल, ताट उचलू.