दुधाच्या पिशवीचा कोपरा

नमस्कार, श्रोतेहो.

आज सकाळी चहासाठी दुधाची पिशवी उघडताना तुम्ही तिचा कोपरा कात्रीने कापला असेल, आणि नखाएवढा तो तुकडा ओट्यावरच्या सालांत, देठांत मिसळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेला असेल. तो पुढे कुठे जातो, हे आज सांगायचे आहे.

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आपण इंदूरकरांनी अंगी बाणवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची असून त्यातून वायूबरोबर खतही मिळते. खत शेवटी शेतातच पडणार. कचऱ्यातली मोठी पिशवी वेचून बाजूला काढता येते. नखाएवढा तुकडा नजरेतून सहज सुटतो.

प्लास्टिक कुजत नाही. ते उन्हाने ठिसूळ होते, नांगराखाली तुटते आणि तुकडा ५ मिलिमीटरहून लहान झाला की त्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. त्यात खुद्द शेतीही भर घालते. निमाडात मिरचीच्या वाफ्यांवर तण रोखण्यासाठी आणि ओल टिकवण्यासाठी मल्चिंग पेपर अंथरतात. नाव पेपर असले तरी ते बहुधा २५-३० मायक्रॉन जाडीचे पॉलिथिनच असते. हंगाम संपल्यावर एका शेतात मी तो ओढून पाहिला, तेव्हा उन्हात राहिलेला भाग चिमटीतच चुरला आणि मातीत दाबलेली कड तिथेच राहून गेली. काळ्या मातीतून तो चुरा वेचणार कोण?

पिकाची नवी मुळे फुटताना जी बारीक फट पडते, तिच्यातून अतिसूक्ष्म प्लास्टिक मुळात शिरते, हे २०२० मध्ये चिनी संशोधकांनी गव्हावर दाखवून दिले. गहू म्हणजे आपली रोजची पोळी. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासलेल्या २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडले. त्याचा शरीरावर होणारा परिणाम शास्त्रज्ञ अजून अभ्यासत आहेत. पण मातीत मिसळलेला चुरा परत काढता येत नाही, तेव्हा निकालाची वाट पाहत बसणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून शेतकरी बांधवांना विनंती, की शेवटची तोडणी होताच, जमिनीत थोडी ओल असताना, आधी कडा मोकळ्या करून पेपर काढावा, नांगरणी त्यानंतरच करावी आणि तो बांधावर जाळू नये. घरी मात्र एवढेच करा: पिशवीला चीर द्या, कोपरा तिलाच लटकलेला राहू द्या, आणि रिकामी पिशवी विसळून सुक्या कचऱ्यात टाका.