पोर्ट लुई ते बे द्यु काप : मॉरिशस, बसच्या खिडकीतून

(पहाट. व्हिक्टोरिया स्थानक. हेडलाइट्स.)

पोर्ट लुई. मॉरिशसची राजधानी. सहा वाजायचेत, पण व्हिक्टोरिया स्थानकात एकेका बसचं इंजिन धडधडायला लागलंय. हा आवाज ओळखीचा वाटला ना? वाटणारच. इथल्या रस्त्यांवरच्या कितीतरी बस अशोक लेलँडच्या आहेत.

हॉटेलच्या काउंटरवर तुम्ही विचारलंत, "बेट बघायचंय, कसं फिरू?" तर उत्तर ठरलेलं. गाडी भाड्याने घ्या, नाहीतर दिवसभरासाठी टॅक्सी करा. बसचं नावसुद्धा निघत नाही. आमच्यासमोर निघालं नाही, म्हणूनच आम्ही बसने निघालो.

बेट आहे केवढं? उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटर, रुंदीला पंचेचाळीसच्या आसपास. आपला एखादा मोठा तालुका म्हणा. एवढ्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावात बस जाते. काही सरकारी महामंडळाच्या, काही खासगी कंपन्यांच्या, काही एकेकट्या मालकाच्या. मालकाची बस लगेच कळते. कपाळावर हौसेने नाव रंगवलेलं असतं.

(क्लोजअप : कंडक्टरचे हात, तिकिटाचं यंत्र.)

हा कंडक्टर. तुम्ही बसायचं, तो तुमच्यापाशी येतो. गावाचं नाव सांगायचं. उच्चार फ्रेंच वळणाचा हवा. स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचून 'क्वाटर बोर्न्स' म्हणालात तर तो क्षणभर थांबतो, मग स्वतःच म्हणतो, "कात्र बोर्न." यंत्रातून सुर्र करत कागदाची पट्टी निघते. नखाएवढी अक्षरं, बोट लागलं की पुसट होणारी. ही पट्टी टाकू नका. मधल्या एखाद्या थांब्यावर तपासनीस चढतो आणि ती बघायला मागतो. समोरच्या रांगेतले आजोबा मात्र तिकीट काढत नाहीत. 2005 पासून विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांना इथे बसप्रवास फुकट आहे.

(चढाचा रस्ता. बाजूने मेट्रो.)

आता बस चढणीला लागलीय. पोर्ट लुई समुद्रावर, पठारावरचं क्युरपीप गाव साडेपाचशे मीटर उंचीवर. खाली घाम, वर धुकं आणि पाऊस. आणि ही शेजारून सरकत चाललेली मेट्रो. हिच्यापाशी जरा थांबू या, कारण या मार्गाची गोष्ट मेट्रोपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

1864 साली इंग्रजांनी या बेटावर रेल्वे सुरू केली. पहिला मार्ग उत्तरेकडचा, उसासाठी. पुढच्याच वर्षी दुसरा, पोर्ट लुईहून क्युरपीपवरून थेट दक्षिणेला माहेबूरपर्यंत. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. पण हा चढ म्हणजे खंडाळ्याच्या घाटाचा धाकटा भाऊ. पुढे विसाव्या शतकात खास चढासाठीची अवजड गॅरेट इंजिनं मँचेस्टरहून इथे आणावी लागली.

रेल्वे आली आणि पाठोपाठ मलेरियाची साथ आली. 1867 साली पोर्ट लुईत माणसं हजारोंनी मेली. ज्यांच्या खिशात पैसे होते ते वरच्या थंड हवेत राहायला गेले आणि कामाला रोज गाडीने खाली येऊ लागले. क्युरपीप, कात्र बोर्न, रोझ हिल ही गावं अशी फुगली. आज खिडकीतून दिसणारी ही घरांची सलग रांग त्या रुळांच्या आधाराने उभी राहिलेली आहे.

मग रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, बस आल्या. रेल्वे तोट्यात गेली. 1956 साली प्रवासी गाड्या बंद झाल्या, 1964 साली मालगाड्याही. रूळ उखडले. बेटावर दगडी पूल राहिले, स्टेशनांच्या इमारती राहिल्या, आणि बोलण्यात एक शब्द राहिला. ठरलेल्या मार्गावर माणसं गोळा करत जाणाऱ्या शेअर टॅक्सीला इथे 'टॅक्सी-ट्रेन' म्हणतात. ट्रेन नसलेल्या देशात!

(मेट्रो, बाहेरून. मग आतून.)

आणि मग 2019. पोर्ट लुई ते रोझ हिल मेट्रो सुरू झाली, 2022 मध्ये ती क्युरपीपला पोचली. सुमारे सव्वीस किलोमीटर. बराचसा मार्ग त्या जुन्या रेल्वेचाच. म्हणजे जे उखडलं होतं, तेच साठ वर्षांनी पुन्हा घातलं. खर्चात भारत सरकारचा मोठा हात आहे, बांधकाम मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोचं, डबे स्पेनचे. 2017 मध्ये या मार्गासाठी ला बुत भागातली काही घरं पाडली गेली, त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. डब्यात एसी आहे, दारं रुंद आहेत, आणि हे बघा, शाळेतून सुटलेली ही पोरं अख्ख्या डब्याचा ताबा घेऊन बसलीत.

प्रवाशाच्या हिशेबाने सांगायचं तर वरच्या गावांसाठी मेट्रो, समुद्राकडे जायला बस. कात्र बोर्नला उतरायचं आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या बे द्यु काप गावाची बस धरायची. आमचा सगळ्यात चांगला दिवस या एका बसमध्ये गेला.

(ऊस. ऊस. आणखी ऊस.)

पठार संपतं आणि बस पश्चिमेला उतरते. दोन्ही बाजूंनी ऊस, माणसापेक्षा उंच. छोट्या गाडीत बसलं की हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. बसची खिडकी उसाच्या शेंड्यांवर येते. समोर डोंगराचे सुळके, उजवीकडे समुद्राची निळी रेघ. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे हे ढिगारे दिसतायत? जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. त्या मजुरांमध्ये आपलीही माणसं होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर आलेली, बरीचशी कोकणातली.

इथे जवळच कास्कावेल, मराठी वस्तीचं गाव. बसमध्ये आमचं बोलणं ऐकून पुढच्या आजी वळल्या. एकच शब्द, "मुंबई?" मग क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, बरंच काही बोलल्या. त्यातलं 'देऊळ' आणि 'आरती' तेवढं कळलं. इथल्या मराठी घरांत सखाराम, रामजी, भिवाजी ही आडनावं असतात. बोटीवरून उतरलेल्या माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. आजींनी बेल दाबली, पिशवी सावरली. त्या उतरताना कंडक्टर स्वतः पायरीपर्यंत गेला.

(ल मोर्न. लांबून, मग जवळून.)

तामारँ गाव मागे पडलं. हा ल मोर्न डोंगर. पळून आलेल्या गुलामांनी याच्या कड्यांचा आसरा घेतला होता. 2008 पासून जागतिक वारसास्थळ. बस याच्या पायथ्याला वळसा घालते आणि रस्ता समुद्राला चिकटतो. इतका, की भरतीच्या वेळी फेस चाकांशी येईल असं वाटतं. पुढे माकोंदचं वळण. खडक, खाली पाणी, आणि रस्ता जवळजवळ उलटा फिरतो. ड्रायव्हर हॉर्न देतो, वेग कमी करतो आणि एका हाताने बस फिरवतो. हे वळण आम्ही तीनदा चित्रित केलं. त्यासाठी दोनदा उतरून पुढच्या बसची वाट पाहिली. दर खेपेला चांगला तासभर गेला.

आता गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, रस्ते चांगले आहेत, चौकाचौकात गोल चक्कर. शामारेलच्या घाटाला, गंगा तलावाला गाडी सोयीची, हे मान्य. फक्त पोर्ट लुईत सकाळी-संध्याकाळी गाडी घालू नका. मोटारी इतक्या झाल्यात की तास तिथेच जातो. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, मीटरवर विसंबू नका. ईल ओ सेर्फ या छोट्या बेटाला त्रू दो दूस गावाहून होडी मिळते. रॉड्रिग्ज बेटाला विमानाने दीड तास लागतो.

बसची एक खोड मात्र सांगायलाच हवी. गावाकडे ती अंधार पडता पडता संपते. शहरात थोडी उशिरापर्यंत असते, मेट्रो त्यानंतरही चालते. पण बे द्यु कापला सूर्यास्त बघत बसलात, तर तिथेच बसाल.

(संध्याकाळ. रिकामा थांबा.)

आम्हीही बसलो होतो, तिसऱ्या शॉटसाठी. हा तो थांबा. पत्र्याची शेड, एक बाक, एक कुत्रा. शेवटची बस गेली की आहे, हे सांगणारं कोणी नाही. अखेर वळणावर दोन दिवे दिसले.

आणि खरं सांगायचं तर परतीच्या दिवशी आम्ही टॅक्सी केली. चार बॅगा, ट्रायपॉड, ड्रोनची पेटी. बसमध्ये सामानाला जागा नसते. ड्रायव्हरने डिकी कशीबशी लावली आणि विचारलं, "बेट पाहिलंत का सगळं? कोणाची गाडी होती?"