धावून येणाऱ्या पेशी

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराला लागून असलेली उमलाझी वस्ती. १८ ते २३ वर्षांच्या, एचआयव्हीची लागण न झालेल्या मुली इथे आठवड्यातून दोनदा येतात. नोकरीसाठी लागणारं प्रशिक्षण घेतात, आणि बोटाला सुई टोचून रक्ताचे थोडे थेंब देऊन जातात. हा ‘फ्रेश’ नावाचा अभ्यास. दर तीन-चार दिवसांनी तपासणी, कारण एचआयव्ही शिरल्यावर सुरुवातीला अँटिबॉडीच्या चाचणीत काही दिसतच नाही. इथे थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधतात.

लागण होऊन साधारण दहा दिवसांत विषाणू रक्तात सापडू लागतो, आणि सायटोकाइनचा लोंढा उसळतो. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना सावध करायला सोडतात ती प्रथिनं. आधी वाढतात इंटरफेरॉन-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१५, मागोमाग टीएनएफ, आयपी-१० आणि बाकीची. एवढी धामधूम आत चालू असते, तरी उमलाझीतल्या बहुतेक मुलींना साधी कणकणही जाणवली नव्हती!

सावध झालेल्या पेशी धावून येतात. खरी गोची इथेच आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या अ‍ॅश्ली हासे यांच्या गटानं २००९ मध्ये माकडांमध्ये हे टिपलं. माकडांना होतो तो एसआयव्ही, एचआयव्हीचाच भाऊबंद. तो योनिमार्गातून शिरला की अस्तरातल्या पेशी एमआयपी-३ अल्फा नावाचं, इतर पेशींना हाक मारणारं प्रथिन सोडतात. त्या हाकेवर डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी, जमतात. त्या एमआयपी-१ बीटा हे दुसरं प्रथिन सोडतात आणि सीडी४ पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, बोलावून घेतात. विषाणूला वाढायला नेमक्या याच पेशी हव्या असतात. आग विझवायला बोलावलेल्यांनी रॉकेलचे डबे घेऊन यावं, तसला प्रकार.

पण म्हणून एमआयपी-१ बीटाला खलनायक ठरवायची घाई नको. पेशीत शिरायला विषाणू सीसीआर५ नावाचं दार वापरतो; हे प्रथिन तेच दार अडवतं. एचआयव्हीला ते रोखतं, हे १९९५ मध्येच प्रयोगशाळेत दिसलं होतं.

इंटरफेरॉनचंही तसंच. २०१४ मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात त्याचं काम सुरुवातीलाच रोखलं, तर आजार वेगानं बळावला. बाहेरून इंटरफेरॉन दिलं, तेव्हा आधी लागण रोखली गेली. पण देतच राहिल्यावर शरीर त्याला दाद देईनासं झालं.

उमलाझीत आता विषाणू सापडला की बहुधा दुसऱ्याच दिवशी औषधं सुरू होतात. अशा काही जणींच्या शरीरात नंतरही अँटिबॉडी नेहमीसारख्या तयार झाल्या नाहीत.