न घडलेल्या अपघाताची नोंद

(ठाण्यात नौपाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाऐवजी जवळच्याच जुहू विमानतळाच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि ते तेथून उडवून बाहेर काढायला नऊएक दिवस लागले. आपल्यातील ज्येष्ठांना कदाचित दुसरा प्रसंग आठवत असेल. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान त्याच जुहूला उतरले, धावपट्टी संपली तरी थांबले नाही आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. दोन्ही वेळी वैमानिक चुकला, हे खरेच. परंतु समुद्राकडून येणाऱ्याला आधी जुहू दिसते, त्यामागे सांताक्रूझ, आणि दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिमच आहेत, ही गोष्ट वैमानिक बदलला म्हणून बदलत नाही. म्हणून ‘कोण चुकला’ यापेक्षा ‘त्या क्षणी त्याला ते बरोबर का वाटले’ हा प्रश्न मी तपासाचा पहिला प्रश्न मानतो.

हा प्रश्न न विचारल्याचे एक उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. माझी सारी नोकरी विमानांच्या देखभालीत झाली. तेव्हाच्या माझ्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. रात्रपाळीत कळव्याचा एक तरुण तंत्रज्ञ होता. पहाटे घरी पोहोचल्यावर त्याच्या मनात आले की, एका इंजिनात तेल भरल्यानंतर टाकीचे झाकण घट्ट लावल्याचे आपल्याला आठवत नाही. तो शेजाऱ्यांकडे गेला, दार ठोठावून त्यांना उठवले आणि त्यांच्या फोनवरून हँगरला कळवले. विमान प्रवासी घेऊन निघण्याच्या तयारीत होते. ते थांबवून पाहिले, तर झाकण खरोखरच उघडे होते. उड्डाणात तेल बाहेर गेले असते, तर इंजिन बंद करण्याची पाळी आली असती. त्या मुलाने ते टाळले, आणि त्याला मिळाला मेमो, मग निलंबन. चौकशीत मी शिफ्ट इन-चार्ज म्हणून बसलो होतो. तेल भरताना त्याला दुसऱ्या कामासाठी मध्येच कोणी बोलावले होते का, दोन्ही इंजिनांचे काम एकाच माणसाकडे का होते, झाकण दुसऱ्या कोणी तपासायची पद्धत का नव्हती, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. मीही विचारला नाही, याची खंत मला आजही आहे. त्यानंतर वर्षभर त्या हँगरमधून स्वतःहून चूक सांगणारा एकही कागद वर गेला नाही. नोंदी थांबल्या होत्या. चुका थांबल्या होत्या असे मानायला मला काहीही आधार दिसत नाही.

आयोजकांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी दिली आहे आणि नोंदींची व्यवस्था कशी असावी हा मूळ विषय अजून बाकी आहे, तेव्हा तो भरभर मांडतो.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला आणि नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. त्याच्या सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचे वैमानिक याच जागी याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते, त्यांनी तसे कळवले होते आणि त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. टीडब्ल्यूएपर्यंत ते पोहोचले नाही. यातूनच १९७६ मध्ये अमेरिकेत ऐच्छिक नोंदींची व्यवस्था उभी राहिली. त्या नोंदी शिक्षेचा अधिकार असलेल्या एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामकाकडे न जाता नासाकडे जातात, नाव-पत्त्याचा भाग वेगळा करून पाठवणाऱ्याला परत मिळतो, आणि चूक नकळत झालेली असून दहा दिवसांत कळवली असेल तर दंडातून सूट मिळते. जाणूनबुजून केलेले उल्लंघन, गुन्हा किंवा अपघात यांना हे संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे हा नव्हे. आपल्याकडेही २०१२ पासून एएआयबी हे तपासाचे वेगळे कार्यालय आहे. तरीही १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर प्राथमिक अहवालातील वैमानिकांच्या एका संवादावरून किती जणांनी निवाडे देऊन टाकले, हे आपण पाहिले. दोन मृत माणसे त्याला उत्तर देऊ शकत नव्हती, याचे मला अतिशय दुःख झाले.

शेवटी आपल्या खाडीपलीकडच्या नव्या नवी मुंबई विमानतळाविषयी. विमानाला पक्षी धडकला तर ‘पक्षी धडकला’ एवढी नोंद उपयोगाची नाही. घार कचऱ्यावर आणि मांसाच्या तुकड्यांवर येते. रोहित (फ्लेमिंगो) ओहोटीच्या चिखलावर उतरतात आणि भरती आली की जागा बदलतात. घारीसाठी कचरा उचलावा लागेल, रोहितासाठी भरतीचे वेळापत्रक पाहावे लागेल. म्हणून धावपट्टीवर पीस सापडले तर ते झाडून न टाकता पाकिटात घालावे, वर जागा आणि वेळ लिहावी, आणि ते आणून देणाऱ्या सफाई कामगाराला ‘इतका वेळ कुठे होतास’ असे कोणी विचारू नये.