पाच आणे चार पै

(दृश्य : तहसील कचेरीचा व्हरांडा. सकाळचे साडेदहा. भिंतीला टेकून बसलेली माणसं, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या.)

या पिशव्यांमध्ये काय असतं, ते आधी बघा. आधार कार्डाची झेरॉक्स. घडीवर फाटत आलेला हातानं लिहिलेला सातबारा. आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेलं एक चिटोरं, त्यावर नुसता एक नंबर. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सोमवारी सकाळी कचेरीत जा, अशी पिशवी घेऊन बसलेली माणसं भेटतातच. कुणाला आजोबांची जन्मनोंद हवी असते, कुणाला बांधाचा नकाशा, कुणाला पन्नास वर्षांपूर्वीचं खरेदीखत.

या मावशींना वडिलांच्या वारसांची नोंद हवी आहे. वडील गेले १९८७ साली. आजच्या सातबाऱ्यावर दोन भावांची नावं आहेत, तिघी बहिणींपैकी एकीचंही नाही.

"आमची नावं लागलीच नव्हती, की लागून मग काढली, एवढंच मला बघायचंय," मावशी म्हणतात.

जुनं रेकॉर्ड आता मिळत नाही, असं त्यांना एकानं सांगितलं. पैसे द्या, मी काढून देतो, असं दुसऱ्यानं सांगितलं. दोघांचं ऐकून त्या दोनदा घरी परत गेल्या. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ३२७ : जमिनीचे नकाशे आणि अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत आणि ठरलेली फी भरून त्यांची नक्कल मिळते. त्यासाठी वकील लागत नाही, ओळख लागत नाही. लागतो तो नेमका नंबर.

(दृश्य : सातबाऱ्याचा कागद, अगदी जवळून.)

नंबर शोधायचा तो आज हातात असलेल्या कागदावर. तिथून मागे मागे जायचं.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एका कागदावर. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे, बोजा कुणाचा, कूळ आहे का, हे असतं, बारामध्ये पिकं. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये पडतात. बहुतेक जण त्यात फक्त नावं वाचतात. शोध घेणाऱ्यानं वाचायचे ते आकडे. खाली 'जुने फेरफार क्र.' असा एक कप्पा आहे, त्यात कंसातल्या आकड्यांची रांग दिसेल. हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यात हेच आकडे नावाशेजारी वर्तुळात असतात. आणि एखाद्या नावालाच कंस घातलेला असेल, तर ते नाव कमी झालेलं आहे.

यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या जमिनीच्या आयुष्यातली एक घटना. कुणी वारलं, कुणी विकलं, भावाभावांत वाटप झालं, सोसायटीचं कर्ज चढलं किंवा उतरलं. ती घटना सविस्तर लिहिलेली असते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. या वहीला चार रकाने. नोंदीचा अनुक्रमांक, मिळालेल्या हक्काचं स्वरूप, कुठल्या सर्व्हे नंबरावर परिणाम झाला तो रकाना, आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. शेवटचा रकाना वाचायला विसरू नका. नोंद धरणारा तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी. पण मंडळ अधिकाऱ्यानं ती मंजूर केली की रद्द केली, हे तिथेच कळतं. रद्द झालेल्या नोंदीच्या जोरावर वर्षानुवर्षं भांडणारी घरं आम्ही पाहिली आहेत.

मावशींनी सातबाऱ्यावरचे सगळे आकडे चढत्या क्रमानं एका वहीत उतरवून घेतले. नातवानं 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून एकेक नंबर घालून पाहिला. जुन्या कागदांचे स्कॅन तिथे टाकलेले आहेत. काही मिळाले, काहींची पानं पुसट निघाली, आणि नेमका १९८७ च्या आसपासचा फेरफार तिथे नव्हता. असं झालं की गाठायची ती रेकॉर्ड रूम.

(दृश्य : अभिलेख कक्ष. लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले गठ्ठे.)

प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी, तीवर गावाचं नाव आणि सालं. कचेरीतले कागद अ, ब, क, ड अशा याद्यांत लावलेले असतात. अ म्हणजे कायम जपायचे. ब तीस वर्षं. ड यादीतले वर्षभरात नष्ट करतात. त्यामुळे जुना कागद नष्ट झाला असं कुणी सांगितलं, तर तो कुठल्या यादीतला होता, हे विचारायचं. फेरफार नोंदवही कायम जपायच्या कागदांत येते.

अर्ज साधाच. तहसीलदारांच्या नावे. गाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, अंदाजे साल, कशासाठी हवा, आणि वर कोर्ट फी स्टॅम्प. 'आमच्या जमिनीचे सर्व जुने कागद मिळावेत' असं मात्र लिहू नये. असा अर्ज टेबलावरून हलत नाही, आणि त्यात कारकुनाचा फारसा दोषही नसतो, कारण कुठला गठ्ठा काढायचा हेच त्याला समजत नाही. मावशींच्या अर्जात चार फेरफार क्रमांक होते. बस्स. अर्ज दिल्यावर पोच घ्यायची, तारीख-शिक्क्यासकट.

इथे एक अडचण बहुतेकांना येते. आजचा गट नंबर जुन्या वहीत सापडत नाही. तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा १९४७ चा. त्याखाली पुढच्या दशकांत गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कुठल्या सर्व्हे नंबराचा कुठला गट झाला, हे तहसीलमध्ये विचारून उपयोग नाही. त्यासाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्यायचा. जुन्या आणि नव्या नंबरांमधला तेवढाच एक पूल आहे.

(दृश्य : वहीचं पिवळं पान. रेकॉर्ड कीपरचं बोट ओळीवरून सरकतं.)

"मावशी, हे बघा, तुमच्या आजोबांचं आहे," रेकॉर्ड कीपर म्हणतात.

नोंद स्वातंत्र्याच्या आधीची. तीन भावांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे लिहिलंय : पाच आणे चार पै.

मावशींना वाटलं, शेतसारा असेल. तो हिस्सा आहे. अख्खी जमीन म्हणजे सोळा आणे. आण्याचे पै बारा. सोळा आण्यांचे तीन सारखे भाग केले की एकेकाला येतात पाच आणे चार पै. हेक्टर आणि आर नंतर आले. त्याआधीच्या वह्यांत घराची वाटणी अशी रुपयाच्या भाषेत बोलते. दोन आणे दिसले तर आठवा हिस्सा, आठ आणे दिसले तर निम्मा. जुना फेरफार हातात आला की आधी आण्यांची बेरीज करून पाहा. ती सोळा भरली नाही, तर एखादा हिस्सेदार वाचायचा राहिलाय.

आणखी मागे गेलं की लिपी बदलते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ ठिकाणी नोंदी मोडीत होत. मोडीत ओळ आधी आखून घेतात आणि अक्षरं हात न उचलता तिला लटकवत नेतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती ठेवत नाही. त्यामुळे नाव वाचताना शेजारचं गाव, बापाचं नाव, सर्व्हे नंबर असं सगळं मिळून वाचावं लागतं. मोडीचं प्रशिक्षण राज्याचा पुराभिलेख विभाग देतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्यातालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद असलेला जुना गाव नमुना चौदा, हा शब्द त्या वेळी घराघरात पोचला. ज्यांच्या घरात कुणी कधी रेकॉर्ड रूमची पायरी चढलं नव्हतं, ती माणसं पणजोबांच्या जन्माची ओळ मोबाइलमध्ये टिपून घेऊन गावी गेली. त्या नोंदींवरून राजकारण काय व्हायचं ते झालं. पण आपल्या घराची लिखित खूण सरकारच्या कपाटात आहे आणि ती मागता येते, हे इतक्या लोकांना एकदम कळलं, याचं मोल मला फार वाटतं.

मराठवाड्यात शोध वेगळा. १९४८ पर्यंत तिथे निजामाचं राज्य, म्हणून जुन्या कागदांत उर्दू येते आणि सालं फसली, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेतली असतात. फसली सालात ५९० मिळवा, साधारण इसवी सन निघतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तिथले लोक हक्काचा पुरावा म्हणून खासरा पाहणी पत्रकाचं नाव घेतात, तर नागपूर-भंडाऱ्याकडे १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी विचारतात. मागताना आपल्या भागातला शब्द वापरा, गठ्ठा लवकर निघतो.

खरेदीखत हवं असेल तर वाट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची. नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक त्याच्या ५७ व्या कलमानं कुणालाही पाहता येतं. सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, तीवरून दस्ताचा नंबर काढा, मग दस्ताची नक्कल मागा.

(दृश्य : दुपार. खिडकीवर रांग.)

आणि उत्तर आलं की 'रेकॉर्ड आढळून येत नाही', तर? तोंडी असेल तर ते उत्तरच नाही. लेखी मागा. मग माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपये, दीडशे शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, आणि तीस दिवसांत उत्तर. या कायद्यानं नुसत्या प्रती मिळतात असं नाही. समोर बसून वही पाहता येते, टिपणं घेता येतात. 'अमुक गावाची अमुक सालांची फेरफार नोंदवही मला अवलोकनासाठी मिळावी' एवढं एक वाक्य पुरतं. पाहण्याचा पहिला तास फुकट. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तीस दिवसांत पहिलं अपील, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. आणि वही खरंच गहाळ असेल, तर ती जपण्याची जबाबदारी कुणाची होती हा प्रश्न महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली विचारता येतो. अर्जात त्या कायद्याचं नाव लिहा.

मावशींवर ती वेळ आली नाही. चौथ्या खेपेला वही सापडली.

(दृश्य : फेरफार नोंद. निळी शाई, तलाठ्याचं वळणदार अक्षर.)

'वर्दीवरून नोंद केली की, खातेदार हे मयत झाले असून त्यांना खालीलप्रमाणे वारस आहेत.' खाली आई. दोन मुलगे. तीन मुली. मावशींनी बोट ठेवलं ते शेवटच्या ओळीवर, धाकटी म्हणून लागलेल्या स्वतःच्या नावावर, माहेरच्या नावानिशी. मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर त्यांच्या रकान्यात घ्यावी, मुलींची इतर हक्कात घ्यावी, असा शेरा. मंडळ अधिकाऱ्याची सही. नोंद मंजूर.

मग त्यानंतरचे तीन फेरफार वाचले. एक सोसायटीचा बोजा. एक बोजा कमी केल्याचा. एक थोरल्या भावाच्या विहिरीचा. बहिणींची नावं कमी करणारा फेरफार नाहीच. हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडून दिल्याचा लेख नाही, वाटप नाही, काही नाही.

हातानं लिहिलेले सातबारे साधारण दहा वर्षांनी नवे लिहून काढत. तसा एकदा उतारा नवा लिहिताना इतर हक्काच्या रकान्यातल्या तीन ओळी खाली उतरल्याच नाहीत. कुणी मुद्दाम गाळल्या की नजरचुकीनं राहिल्या, ते कागदावरून सांगता येत नाही. पण फेरफाराशिवाय नाव जाऊ शकत नाही, हे कागद ठाम सांगतो. याला कायद्यात शब्द आहे, लेखनप्रमाद. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. भाऊ हरकत घेतील, सुनावणी होईल, वेळ लागेल. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असंही नाही. तो प्रश्न दिवाणी कोर्टाचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि १९८७ ची ही नोंद त्या वारसांची यादी सरकारी शाईत सांगते.

नक्कल हातात पडल्यावर मागची बाजू बघा. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची. पुढे अपिलाची मुदत मोजताना या तारखा कामी येतात. 'खरी नक्कल' असा शिक्का आणि सही नसेल, तर तिथल्या तिथे करून घ्या. नुसती झेरॉक्स कोर्टात चालत नाही.

मावशींनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला. खिडकीपासून दोन पावलं गेल्या आणि परत आल्या.

"भाऊसाहेब, अजून दोन नकला द्या. बहिणींना पाठवते."

नवा अर्ज, नवा स्टॅम्प. त्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.