परत दिलेलं ग्रीन कार्ड
(पणजी येथील मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. परदेशातलं आपलं मंडळ यंदा गोव्यात जमलं, म्हणून माझ्यासारख्या म्हापशेकराला बोलायचा मान मिळाला. विषय आहे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांची कारकीर्द.

१९६७ साली हैदराबादला जन्म. १९८८ मध्ये मणिपालहून इलेक्ट्रिकल इंजिनिअर (आपल्या गोव्यातली किती मुलं जातात तिथे!), मग अमेरिकेत मिलवॉकीला संगणकशास्त्र, थोडे दिवस सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक कंपनी आणि १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शिकागोला जाऊन एमबीए. एवढं कुणाच्याही बायोडेटात सापडेल.

मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. हातात ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, आणि पत्नी अनू भारतात. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला तेव्हा वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागे. एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावाल्याची बायको मात्र लगेच येऊ शके. नाडेलांनी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन ग्रीन कार्ड परत केलं आणि एच-१बी मागितला.

त्याच सुमारास माझी बायको म्हापशाला तीन वर्षं थांबली होती. रविवारी सकाळी मला फोन करायला बाजारातल्या आयएसडी (परदेशी फोनच्या) बूथवर यायची. मीटरचे लाल आकडे धावू लागले की तिचं बोलणंही धावायचं, आणि अर्ध्या वाक्यातच "बरं, ठेवते." माझ्या खिशात ग्रीन कार्ड होतं. ते परत देता येतं हे मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

४ फेब्रुवारी २०१४ ला ते मायक्रोसॉफ्टचे तिसरे मुख्याधिकारी झाले. दोन महिन्यांच्या आत मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेलवालं ऑफिस प्रतिस्पर्धी ॲपलच्या आयपॅडवर आलं. तयारी आधीची होती, पण जाहीर त्यांनी केलं. पुढच्या वर्षी, आधीच्या कारकिर्दीत ठरलेल्या नोकिया खरेदीपायी ७.६ अब्ज डॉलरचा तोटा मान्य केला. विंडोजवर वाढलेली कंपनी क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेकडे वळवली. लोक याला व्यूहरचना म्हणतात. मला त्यात वकिलातीच्या खिडकीशी उभा असलेला तो तरुण दिसतो.

बूथच्या पावत्या माझ्या बायकोने अजून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. काल आम्ही दोघं त्या काढून बसलो होतो. शाई उडालीय, मिनिटांचा आकडा तेवढा वाचता येतो. एकीवर चार, दुसरीवर तीन.