पोहण्याच्या तलावाभोवती कृत्रिम गवत: आधी जमीन, मग गवत

नमस्कार. बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या फार्महाऊसांपासून निपाणी-चिकोडीकडच्या मळ्यांतल्या घरांपर्यंत, आपल्या भागात आता घरच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधलेला दिसतो, आणि तलाव झाला की त्याच्या कडेला काय घालायचे हा प्रश्न येतोच. फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरते, हराळीवर रोज क्लोरीनचे पाणी उडाले की ती पिवळी पडते आणि ओल्या पायांनी तिचा चिखल होतो, म्हणून पुष्कळ जण कृत्रिम गवताकडे वळतात. हे गवत टिकते की वर्षभरात उचलावे लागते, हे गवतापेक्षा त्याच्या खालच्या जमिनीवर अवलंबून असते. त्यामुळे आज मी रंग आणि दरापेक्षा जमिनीबद्दलच अधिक बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्यात माती एकसारखी नाही. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची जमीन आहे, जिच्यातून पाणी बऱ्यापैकी झिरपते. अथणी, रायबाग आणि चिकोडीच्या बऱ्याच भागात मात्र काळी जमीन आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काळ्या मातीवर थेट खडी टाकून गवत अंथरले, तर पहिल्याच उन्हाळ्यात खालची जमीन आक्रसते, वर खळगे पडतात आणि गवताचे सांधे उघडतात. म्हणून अशा जागी फूट-दीड फूट काळी माती काढून टाकावी, तिच्या जागी मुरूम थराथराने भरावा, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून तो यंत्राने किंवा धुम्मसाने नीट चोपून घ्यावा. तांबड्या जमिनीत 10 ते 15 सेंटिमीटर खोदाई बहुधा पुरते.

तलाव नवा असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तलावासाठी जो खड्डा खणला जातो, तो तलावाच्या भिंतीपेक्षा रुंद असतो, आणि भिंतीबाहेरची ती मोकळी जागा नंतर मातीने भरलेली असते. ही भराव माती पाणी पिऊन बसत जाते. शक्य असेल तर एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्यावा आणि गवताचे काम दिवाळीनंतर काढावे. कोरड्या हवेत सांध्यांचा गोंदही चांगला धरतो.

आता उतार. जमिनीला दर मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर उतार द्यावा, आणि तो तलावाकडे नव्हे, तलावापासून बाहेरच्या बाजूला. सगळे पाणी तलावातच जाऊ दे, असा विचार करून गवंडी कधी कधी उलटा उतार देतात. मग पहिल्या जोरदार सरीबरोबर आवारातली माती आणि पालापाचोळा पोहण्याच्या पाण्यात येतो. बाहेरच्या कडेला जाळीचा चर काढून पाण्याला वाट दिलीच पाहिजे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जसा पाऊस कोसळतो, तिथे चर बेताचा ठेवून चालत नाही.

उतार झाला की जमिनीवर जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड, त्यावर 7 ते 10 सेंटिमीटर चोपलेली खडी, आणि वर 2-3 सेंटिमीटर दगडी कच. कापड टाकण्याआधी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्यात, कारण लव्हाळ्याचा टोकदार कोंब कापड भेदून वर येतो. तलावाचे पाइप आणि पाण्याखालच्या दिव्याची केबल कुठून जाते याची खूण जमिनीवर आधीच करून ठेवावी, म्हणजे कडेचे खिळे ठोकताना त्यांना धक्का लागणार नाही.

आता माझ्या हातातला हा तुकडा पाहा. तलावाकाठी पॉलिएथिलीनच्या धाग्याचे, 25 ते 35 मिलिमीटर उंचीचे गवत योग्य ठरते, कारण ते पायाला मऊ असते आणि पाणी धरून ठेवत नाही. पाठीमागे पाणी जाण्यासाठी भोके असावीत. दुकानातच तुकड्यावर तांब्याभर पाणी ओतून ते किती लवकर खाली जाते ते पाहावे, आणि दोन-चार धागे ओढूनही पाहावेत. तलावातल्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण साधारण 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1 ते 3 भाग, असते, त्याने या धाग्याला काही होत नाही. ब्लीचिंग पावडर मात्र गवतावर बसून कालवू नये, आणि फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारे गढूळ पाणीही त्यावर सोडू नये.

धागे उभे राहावेत आणि गवत जागेवरून हलू नये, म्हणून त्यात वाळू पसरतात. ही वाळू ओल्या पायांना चिकटून तलावात जाते आणि फिल्टरवर ताण येतो. माझ्या मते यावर सरळ उपाय म्हणजे पाणी आणि गवत यांच्यामध्ये हातभर रुंदीची खडबडीत दगडाची पट्टी ठेवणे, आणि धुतलेली सिलिका वाळू दर चौरस मीटरला 5 ते 8 किलो, इतकीच वापरणे. टायरच्या रबराचा काळा चुरा घरच्या तलावाकाठी घालू नका. तो तापतो, वास मारतो आणि पाण्यात उतरतो.

उन्हाबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. भर दुपारी या गवताचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि अथणी-रायबागच्या एप्रिलमध्ये तिथे अनवाणी मूल उभे राहू शकणार नाही. पाणी शिंपडल्याने गारवा येतो, पण थोडाच वेळ. म्हणून जिथे दुपारनंतर घराची किंवा झाडाची सावली येते तिथेच गवत घालावे, आणि उन्हाच्या बाजूला फिकट दगड ठेवावा. समोर मोठी काच असेल, तर तिच्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने धागे वितळू शकतात, हेही तपासून घ्यावे. सगळे आवारच प्लास्टिकने झाकायला माझा विरोध आहे. दोन मीटरचा पट्टा पुरेसा आहे, त्यापलीकडे हराळी आणि झाडे राहू द्या.

पुढची निगा फार नाही. धागे दबतात तिथे ताठ ब्रशने उलट दिशेने झाडावे. तारेचा ब्रश वापरू नये. पावसाळ्याचे चार महिने कडेच्या चरातला पालापाचोळा दर आठवड्याला काढावा. गवतावर पाणी साचू लागले, तर गवत उचलण्याआधी चर मोकळा आहे का ते पाहावे, कारण चर तुंबला की खडीच्या थरातले पाणी बाहेर पडू न शकल्याने वर येते.